वाद करारांचा, कसोटी खेळाडूची

ग्रामीण ठाण्यात, विशेषतः शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, मैदानी खेळ म्हटला की प्रथम कबड्डी आठवते. मात्र तेथील एखाद्या मुलाने व्यावसायिक फुटबॉलसाठी मुंबईची वाट धरली, तर खेळातील कौशल्याइतकीच महत्त्वाची बाब त्याच्यापुढे येते. ती म्हणजे करारावरील स्वाक्षरी. त्या स्वाक्षरीने खेळाडू किती बांधला जातो आणि वाद उद्भवल्यास त्याने कसे वागावे, हे समजून घेण्यासाठी भारतीय संघाचा बचावपटू अन्वर अली याचे प्रकरण उद्बोधक आहे.

मुंबई, गोवा ते कोलकाता

पंजाबच्या अन्वरला २०१९ मध्ये, मुंबई सिटी एफसीशी करारबद्ध असताना, हृदयाचा विकार असल्याचे निदान झाले. त्याची कारकीर्द संपल्यातच जमा होती. खेळण्याच्या हक्कासाठी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २०२१ मध्ये त्याचा मार्ग मोकळा झाला आणि २०२२ मध्ये तो एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. २०२३ मध्ये मोहन बागानने त्याला दिल्ली एफसीकडून चार वर्षांसाठी ‘लोन’वर घेतले. पहिल्याच मोसमात बागानने लीग शिल्ड पटकावली.

जुलै २०२४ मध्ये अन्वरने हा करार संपुष्टात आणला आणि ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा करार केला. ‘फिफा’च्या नव्या नियमांनुसार लोनची मुदत एक वर्षाहून अधिक असू शकत नाही, असा मुद्दा त्याच्या बाजूने मांडण्यात आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीला तो पटला नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी समितीने अन्वरवर चार महिन्यांची बंदी घातली, १२.९० कोटी रुपयांची भरपाई ठरविली आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांना दोन नोंदणी काळांत नवे खेळाडू घेण्यास मनाई केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर महासंघाने हा आदेश मागे घेऊन फेरसुनावणीची तयारी दाखविली. दरम्यान अन्वर २०२४-२५ च्या मोसमात ईस्ट बंगालकडून खेळला.

नियम काय सांगतो?

चार महिन्यांची बंदी समितीने मनाने ठरविलेली नव्हती. वयाच्या २८ व्या वर्षापूर्वी केलेल्या करारास पहिली तीन वर्षे, तर त्यानंतरच्या करारास दोन वर्षे ‘संरक्षित काळ’ मानला जातो. या काळात सबळ कारणाविना करार मोडल्यास किमान चार महिन्यांच्या बंदीची तरतूद फिफाच्या नियमावलीत आहे.

खेळाडूच्या हिताच्या तरतुदीही त्याच नियमावलीत आहेत. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास १५ दिवसांची लेखी सूचना देऊन त्याला करार संपविता येतो. कराराचे अखेरचे सहा महिने उरले, की दुसऱ्या क्लबशी करार करण्याची मुभा मिळते. करार संपलेल्या खेळाडूसाठी पूर्वी युरोपात पैसे मागितले जात. त्याविरुद्ध लढलेल्या बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याच्या बाजूने युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. पण वाद १९९० चा होता. निकालाचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला. बोस्मानची उमेदीची वर्षे निघून गेली.

दोन मार्ग

वाद लांबला की खेळाडूपुढे दोन मार्ग असतात. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकने खेळण्यापासून दूर राहून क्लबवर दबाव आणला. १ सप्टेंबरला तो १२ कोटी ५० लाख पौंडांत लिव्हरपूलकडे गेला. याउलट २०१३ मध्ये बायर्न म्युनिककडे जाण्यास डॉर्टमुंडने नकार दिल्यावर रॉबर्ट लेवांडोव्स्की उरलेले वर्ष निष्ठेने खेळला. २० गोल करून तो त्या मोसमात जर्मन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि २०१४ मध्ये करार संपताच बायर्नमध्ये दाखल झाला.

इसाकचा मार्ग त्याला फळला असला, तरी त्यामागे जगभर असलेल्या मागणीचे बळ होते. नवोदितापाशी ते नसते. सराव न चुकविणे, सहकाऱ्यांना वादात न ओढणे, क्लबशी पत्रव्यवहार लेखी ठेवणे आणि दाद योग्य समितीपुढे मागणे, हीच त्याची व्यावसायिकता आणि हेच त्याचे संरक्षण.

आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून निवड चाचणीला जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी म्हणूनच करारातील मुदत, लोनच्या अटी आणि करार मोडल्यास द्यावयाची भरपाई ही तीन कलमे स्वाक्षरीपूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावीत. फुटबॉलपटूची कारकीर्द जेमतेम १०-१५ वर्षांची. त्यातील एक मोसमही सुनावण्यांत गेला, तर तो भरपाईच्या कोणत्याही रकमेने परत मिळत नाही.