स्वसंरक्षण कोणाचे? देसाईगंजचे ठाणे, चंद्रपूरचे कोर्ट आणि ज्युरीचा प्रश्न

मागे गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी बुद्धविहारात युवकांचे शिबीर घेतले. विषय होता अ‍ॅट्रॉसिटी कायदा. चर्चा संपत आली तेव्हा मागे सतरंजीवर बसलेल्या एका पोराने विचारले, "दादा, अंगावर धावून आले तर हात उचलायचा का नाही? उचलला तर आमच्यावरच केस होते." त्याला उत्तर द्यायच्या आत दुसरा म्हणाला, "आपल्याकडे अमेरिकेसारखी ज्युरी पाहिजे होती. लोकांनीच न्याय केला असता."

पहिला प्रश्न अनुभवातून आलेला आहे, दुसरा सिनेमातून. पण दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. आपण स्वतःला वाचवले की गुन्हा केला, हे शेवटी दुसरे कोणीतरी ठरवते. तो दुसरा कोण, हा खरा मुद्दा आहे. आणि याचा इतिहास शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. तो आपल्या वडसा-देसाईगंजला घडलेला आहे.

आधी कायदा पाहू. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तोच मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये केला. त्याचे म्हणणे असे की या देशातले लोक अन्याय फार मुकाट सोसतात, म्हणून हा हक्क आखडता नको. मेकॉलेबद्दल आपल्या लोकांत दोन मते आहेत, तो वाद आज बाजूला ठेवू. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. मनुस्मृतीत गुन्हा करणारा कोण आणि ज्याच्यावर केला तो कोण, हे पाहून शिक्षा बदलते. दंड संहितेने "प्रत्येक व्यक्ती" असा शब्द वापरला. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचाही हक्क दिला. बलात्काराच्या हेतूने हल्ला करणाऱ्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही, हे कलम १०० मध्ये तेव्हापासून लिहिलेले आहे.

कागदावर अटी दोन. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ होता असे दिसले तर हक्क उरत नाही. ही दुसरी अट शहरात बसून लिहिलेली वाटते. भामरागड-एटापल्लीच्या पाड्यावर पावसाळ्यात नाला भरला की ठाणे किती लांब पडते हे ज्याला माहीत नाही, तो "वेळ होता" असे सहज म्हणून जाईल.

न्यायालयांनी हा हक्क उदारपणे वाचलाच नाही असे नाही. १९५० मध्ये कटनीला दंगल झाली. जमावाने अमजद खान या दुकानदाराच्या भावाचे दुकान लुटले, मग त्याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने गोळी झाडली, एक जण मेला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. जमाव आत घुसेपर्यंत थांबायला तो बांधील नव्हता, आणि अशा क्षणी कोणी सोनाराच्या काट्यावर मोजून हात उचलत नाही, असा निकालाचा आशय. तो लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस आपल्या नागपूर उच्च न्यायालयातून वर गेलेले. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे न्यायाधीशाला जमते. पण कोणाच्या जागी?

२६ मार्च १९७२. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने १४ ते १६ वर्षांची, घरगुती तक्रारीसाठी रात्री ठाण्यात आणली गेली. जबाब झाल्यावर सोबतच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला आत ठेवले. पुढे जे झाले ते मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत आहे. आरोपी दोन पोलीस होते, तुकाराम आणि गणपत.

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असे निकालात लिहिले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला: भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. गणपतला पाच वर्षे, तुकारामला एक वर्ष. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडले. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे जे झाले ते शांतपणे झाले.

आता हा निकाल कलम १००च्या शेजारी ठेवून वाचा. कायदा म्हणतो, तुला त्याचा जीव घेईपर्यंत लढण्याचा हक्क आहे. कोर्ट म्हणते, तू लढली नाहीस म्हणून तुझी संमती होती. ज्याला आपण हक्क समजतो तो तिच्यासाठी परीक्षा झाला आणि त्या परीक्षेत तिला नापास केले. ठाण्याच्या बंद दारामागे दोन गणवेशधारी पोलिसांशी तिने लढायला हवे होते. समजा लढली असती आणि त्यातला एक मेला असता, तर "एवढ्या जोराने मारायची गरज होती का" याचा हिशोब तिलाच द्यावा लागला असता. कटनीच्या दुकानदाराची भीती कोर्टाला दिसली. देसाईगंजच्या पोरीची दिसली नाही.

इथे शिबिरातला दुसरा पोर म्हणेल, बघा, न्यायाधीशच असे, म्हणून ज्युरी हवी. तर ज्युरीचाही इतिहास पाहू.

आपल्याकडे ज्युरी होती. इंग्रजी अमलात कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यासाठी ती बसवायची हे सरकार ठरवी. बाकी ठिकाणी असेसर बसत आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आले. देशी न्यायाधीशासमोर गोऱ्या आरोपीचा खटला चालू शकेल, एवढ्यावर गोऱ्यांनी देशभर आकांडतांडव केले. तडजोड अशी झाली की गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे असलेली ज्युरी मागता येईल. निकाल कायद्याच्या पुस्तकाइतकाच खुर्चीवर कोण बसले आहे यावर ठरतो, हे गोऱ्याला बरोबर कळत होते. निम्मे ज्युरर अस्पृश्य असावेत, असा हक्क आपल्या आज्याला कधी मिळाला का?

बाबासाहेबांना हे महाडला दिसले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्यांनी हल्ला झाला. सैन्यात नोकरी केलेले कितीतरी जण उलट वार करायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढाई कोर्टात नेली. हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नसल्यामुळेच हा न्याय मिळाला, असे बाबासाहेबांचे मत धनंजय कीरांनी नोंदवले आहे. पुढे १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा गावाच्या पंचांना न्यायाचे अधिकार द्यायला त्यांनी विरोध केला. ज्युरी म्हणजे गावातलीच नऊ-बारा माणसे. खैरलांजीत २००६ मध्ये जे झाले त्यानंतर त्याच गावातून ज्युरी निवडली असती तर? मिसिसिपीत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या मारेकऱ्यांना बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात सोडून दिले होते.

मुंबईत १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. आरोपी नौदल अधिकारी, 'ब्लिट्झ' साप्ताहिक त्याच्या बाजूने. त्याच्या बायकोच्या प्रियकराला तीन गोळ्या लागल्या होत्या, तरी झटापटीत चुकून सुटल्या हा बचाव ज्युरीला पटला. न्यायाधीशांना तो निर्णय मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयात पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफीही दिली. १ एप्रिल १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि ज्युरी कायद्यातूनच गेली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी चंद्रपूरचा निकाल आला. ज्युरी गेल्याने मथुरेला न्याय मिळाला नाही, आणि ज्युरी असती तरी देसाईगंजच्या प्रतिष्ठितांनी पोलिसाविरुद्ध एका आदिवासी मजूर पोरीचे ऐकले असते, असे मला वाटत नाही.

मग बदलले कशाने? सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत बलात्कार झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर कोर्टाने संमती नव्हती असेच धरायचे. २०१३ मध्ये आणखी स्पष्ट लिहिले गेले की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. मथुरेला यातले काहीच मिळाले नाही. पण न्यायाधीशाच्या नजरेवर सोडलेली गोष्ट नियमात बांधली गेली.

स्वसंरक्षणाच्या बाबतीत असे बांधकाम अजून झालेले नाही. २०१० मध्ये दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क संकुचितपणे वाचू नका असे सांगितले, पण स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच आहे. संशयापलीकडे नव्हे, शक्यता दाखवण्याइतकाच, तरी भार त्याचाच. नागपूरच्या कस्तुरबा नगरच्या बायका वर्षानुवर्षे अक्कू यादवचा जाच सोसत होत्या. १३ ऑगस्ट २००४ ला तो कोर्टाच्या आवारातच मारला गेला. २०१४ मध्ये आरोपी सुटले, पण पुराव्याअभावी. त्या बायकांचा स्वतःला वाचवण्याचा हक्क कुठवर होता, याचे उत्तर त्या निकालातही मिळाले नाही. जमावाने माणूस मारण्याचे समर्थन मी करणार नाही, आज तो जमाव आपला असेल, उद्या आपल्यावर येईल.

तर त्या पहिल्या पोराला मी काय सांगितले? जीवावर आले तर हात उचल, कायदा तुझ्या बाजूने आहे. पण त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या जखमांची नोंद कर. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हे केले नव्हते. मार त्यांनी खाल्ला, पण समोरचे आधी ठाण्यात पोचले आणि क्रॉस केस यांच्यावर झाली. तारखा अजून चालू आहेत. पोराने वही काढली आणि विचारले, "दादा, दवाखान्यात कागद मागायचा त्याला काय म्हणतात?" एमएलसी, मी सांगितले. त्याने लिहून घेतले.