आठ मतांची गोष्ट

परीक्षेत काय विचारतात, याइतकेच ती कोठे घेतात यालाही महत्त्व असते. केंद्र दूरगावी पडले की गरिबाघरचे हुशार पोर कसे मागे राहते, हे आम्हां मास्तरांइतके कोणाला ठाऊक?

एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटात निवडून गेले. सरकारी नोकरभरतीचा प्रश्न तेथेही त्यांनी लावून धरला. हिंदुस्थानचा कारभार हाकणाऱ्या सनदी नोकरीची परीक्षा लंडनलाच का? कायद्याने दार सर्वांना उघडे. पण दारापर्यंत पोचायचे तर आगबोटीचे भाडे, विलायतेतला खर्च आणि समुद्र ओलांडल्याबद्दल जातगंगेचा रोष!

२ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल या सभासदाने ठराव मांडला: परीक्षा इंग्लंडात आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी. दादाभाईंनी त्याची पाठराखण केली. सरकारचा विरोध असूनही ८४ विरुद्ध ७६ मतांनी ठराव संमत झाला. परंतु ठराव म्हणजे हुकूम नव्हे. प्रांतिक सरकारांची मते मागवली गेली. मद्रास वगळता सर्वांनी नकार कळवला आणि ठराव दप्तरात पडला.

हिंदुस्थानात ती परीक्षा प्रथम झाली १९२२ साली, अलाहाबादेस. दादाभाई १९१७ सालीच निवर्तले होते.

मग ती आठ मते वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. काँग्रेस १८८५ पासून हेच मागत होती. १८९३ नंतर मात्र ही चार हिंदी लोकांची ओरड आहे, असे म्हणण्याची सोय सरकारला उरली नाही. खुद्द त्यांच्याच पार्लमेंटाने ती मागणी न्याय्य ठरवली होती.