माहिती प्रणाली : यंत्राचे की माणसांचे शास्त्र?

संगणक आला की त्याचे शास्त्र आपोआप आले, असे समजू नका. इंग्लंडमधील लायन्स या चहा-बेकरीवाल्या कंपनीने १९५१ मध्येच 'लिओ' संगणकावर हिशेब सुरू केले होते. माहिती प्रणालीला विद्यापीठात स्वतःचे घर मात्र नंतर मिळाले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये पीएच.डी. सुरू झाली. तिथूनच १९७७ मध्ये 'एमआयएस क्वार्टरली' निघाले. १९८० मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मान्यता अशी संस्था उभारूनच मिळवावी लागते.

पण मला (समाजशास्त्रवाल्याचा पक्षपात म्हणा) महत्त्वाच्या वाटतात त्या मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड. गोदी आणि कोळसा खाणीतील कामगारांमध्ये संशोधन करून त्या संगणकाकडे वळल्या. ज्यांच्या कामावर यंत्र येणार, त्या कारकुनांनीच प्रणालीच्या रचनेत भाग घ्यावा, हा त्यांचा आग्रह. 'एथिक्स' ही त्यांची पद्धत त्यावरच उभी आहे. म्हणजे हा प्रश्न या शास्त्राच्या उभारणीतच होता, कुणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

मग आपल्या वस्तीतल्या रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र बसवताना कष्टाने झिजलेल्या बोटांच्या बायांना कुणी विचारले होते का?