कमी दाबाचे क्षेत्र व अवदाब (मराठवाडा)

चक्रीवादळाची तीव्रता न गाठलेल्या वा ती गमावलेल्या सागरी प्रणाली. भारतीय हवामान विभागाच्या प्रतवारीत वारा ताशी ३१ किमीपेक्षा कमी असल्यास कमी दाबाचे क्षेत्र, ३१–४९ अवदाब, ५०–६१ तीव्र अवदाब आणि ६२ पासून चक्रीवादळ. उपग्रहचित्रे व रडार यांवरून त्यांचा माग काढतात. मराठवाड्यातील औरंगपुऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या वस्तीला वाऱ्यापेक्षा पावसाचा धोका मोठा; जमिनीवर वारा मंदावला तरी बाष्प उरते. म्हणूनच ओसरत्या प्रणालीकडे दुर्लक्ष घातक. २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडलेले ‘गुलाब’ चक्रीवादळ दुबळे होत पश्चिमेकडे सरकले. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा नदीकाठची शेते बुडाली. ‘गुलाब’चेच अवशेष अरबी समुद्रात ‘शाहीन’ बनून ओमानला धडकले.