मसूरचं स्टेशन, केमचं स्टेशन

गेल्या शनिवारी केमला गेलो होतो. सोबत पुतणीसाठी एक पुस्तक होतं, 'भीमायन'. ती सहावीत आहे. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे तिनं चित्रं बघायची आणि मी मराठीत सांगायचं असं ठरलं.

आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, चित्रांचं पुस्तक म्हणजे अमर चित्र कथा. आम्हाला ती मिळायची कुर्डुवाडीच्या फलाटावर, तीही पंढरपूरची छोटी गाडी पकडायच्या गडबडीत वडिलांचा मूड चांगला असेल तर :) अनंत पै यांनी ही मालिका १९६७ मध्ये सुरू केली. ते स्वतः सांगायचे की दिल्लीत टीव्हीवर एक प्रश्नमंजुषा पाहिली, त्यात मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही. म्हणून सुरुवात झाली कृष्णापासून. चित्रं राम वाईरकरांची. मग पुराणातून गाडी इतिहासात आली आणि मीराबाई, कबीर, तुकाराम, चोखामेळा अशी कवी मंडळीही बत्तीस पानांत बसली.

कवींची चरित्रं सांगायची सवय आपल्याकडे जुनीच. महिपतींनी 'भक्तविजय' १७६२ मध्ये ओव्यांत लिहिला. आजोबा तो रोज संध्याकाळी वाचायचे. पण पोथीतल्या तुकोबांचा चेहरा ज्यानं त्यानं मनात काढायचा असतो. चित्रकाराची तशी सुटका नाही, त्याला नाक-डोळे काढावेच लागतात. आणि ह्या संतांची, त्यांना समोर बसवून काढलेली चित्रं आहेत कुठे? १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा होऊन बसला. लोकांनी तो फोटो देव्हाऱ्यात ठेवला. एकदा चित्र डोक्यात बसलं की ते निघत नाही, हे मला वाटतं या सगळ्या पुस्तकांचं बळ आहे आणि धोकाही.

धोका कसा, तर माझंच उदाहरण देतो. अमर चित्र कथेचं 'बाबासाहेब आंबेडकर' १९७९ मध्ये निघालं, दिलीप कदमांच्या चित्रांचं. मी ते इतकं वाचलं होतं की पानं सुटी झाली होती. पाचवीत १४ एप्रिलला त्यावरूनच भाषण ठोकलं. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. ती नाचवत घरी आलो. आमच्या पडवीत शेतावरच्या गड्यासाठी एक वेगळी कपबशी होती, कोनाड्यात पालथी घातलेली. चहा पिऊन झाला की तो ती स्वतः विसळून ठेवायचा. मी त्या कोनाड्यासमोर उभं राहून भाषण परत म्हणून दाखवलं, आणि मला काहीच खटकलं नाही! चित्रातली माणसं धोतर-पगडीतली होती. म्हणजे हे सगळं पूर्वी होतं आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर संपलं, असा माझा पक्का समज.

'भीमायन' २०११ सालचं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. यात चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि डंख मारणारे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. पुतणीला हे एका मिनिटात कळलं, मला सांगावंसुद्धा लागलं नाही.

मग मसूरचं स्टेशन आलं. १९०१ साल. भीमराव आणि सोबतची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. मसूरला उतरली, तर न्यायला कुणीच नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा नूर बदलला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, ते पण मुलांनी गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं, या अटीवर. जवळ डबा होता, पण पाणी कुणी देईना. पोरं रात्रभर तशीच राहिली.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, ती आपल्या स्टेशनवर उतरली असती तर?"

तेव्हा मी तिला कपबशीचं सांगितलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "कशाला पोरीच्या डोक्यात जुनं घालतोस?" पण पोरगी तोवर उठून पडवीत गेली होती. कोनाड्यात आता मोबाईलचा चार्जर असतो. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "पुढचं वाच."

असो. पुस्तक तिथंच ठेवून आलोय. त्या गड्याचा नातू तिच्याच वर्गात आहे. त्याला ते वाचायला द्यायचं की नाही, हे तिनं मला विचारलं नाही. दिलं असं काल फोनवर सांगितलं.