पोवळ्याचे हाड

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोनाराची पेढी उभी राहते. मंगळाची पीडा टळावी म्हणून बोटात घालायची अंगठी, फार तर गळ्यातली लाल मण्यांची माळ. याहून अधिक ओळख आपण त्या समुद्रजीवाशी करून घेतलेली नसते. पण वाचकहो, या लाल पोवळ्याचे एक पांढरे, ओबडधोबड, दागिन्यात कुणी घेणार नाही असे भावंड आहे. त्याने माणसाच्या मोडक्या हाडात शिरून जे काम केले, ते मला कोणत्याही ग्रहशांतीहून अधिक नवलाचे वाटते. त्या कामाचीच ही हकीकत.

हाड हे लाकडासारखे निर्जीव नसते. साधे मोडले तर ते आपले आपण सांधते. वैद्य त्याला सरळ आणि स्थिर ठेवतो, एवढेच. पण अपघातात मोठा तुकडाच गेला, किंवा पू होऊन हाड कुजले, तर ती दरी हाडाला एकट्याने ओलांडता येत नाही. मग तेथे काहीतरी भरावे लागते. काय भरावे, हा प्रश्न शतकानुशतके वैद्यांना छळत आला.

जॉब व्हान मीकरेन या डच शल्यवैद्याच्या १६६८ सालच्या ग्रंथात एक ऐकीव गोष्ट नोंदलेली आहे. एका जखमी रशियन सरदाराच्या कवटीतले भोक कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवले. तो बरा झाला, पण कुत्र्याचे हाड डोक्यात वागवतो म्हणून चर्चने त्याला वाळीत टाकले. बिचारा तुकडा काढून घ्यायला परत गेला, तेव्हा तो असा एकजीव झाला होता की निघेना!

पुढची गोष्ट मात्र ऐकीव नाही. १८८० साली ग्लासगो येथे विल्यम मॅकेवेन यांच्यापुढे चार वर्षांचा एक मुलगा होता. पू होऊन त्याच्या दंडाचे हाड नाहीसे झाले होते आणि हात नुसता लोंबत होता. मुडदुसाने वाकलेले इतर रुग्णांचे पाय सरळ करताना हाडाच्या ज्या पाचरी काढाव्या लागत, त्या मॅकेवेन यांनी या मुलाच्या दंडात बसवल्या. हाड जुळले आणि हात कामाचा झाला. या गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो. एका मुलाच्या व्यंगातून काढलेला तुकडा दुसऱ्याचा हात होतो!

पण अशा पाचरी रोज कोठून आणणार? रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून घेण्याची रीत पुढे रूढ झाली. ती आजही उत्तम समजली जाते. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि तिचे दुखणे काही वेळा मूळ दुखण्याहून जास्त दिवस टिकते. शिवाय लहान मुलाच्या कमरेतून काढून काढून किती काढणार? १८९२ साली जर्मनीत ड्रेसमान यांनी हाडाच्या पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिले. ते शरीराला सोसते. पण नवे हाड पुरते भरण्याआधीच विरघळून जाते.

मर्म कळले ते भोकांपाशी. १९७० साली अमेरिकेत हल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या आकारांची छिद्रे असलेले चिनी मातीसारखे तुकडे जनावरांच्या शरीरात बसवून पाहिले. छिद्र निदान मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे हवे, आणि एका छिद्रातून दुसऱ्यात वाट हवी, तरच हाड आत शिरते असे दिसले. कारण हाडाच्या आधी रक्तवाहिनी शिरते; ती अडली की सारेच अडले. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले गोणपाट पसरून, माती लिंपून अळीव पेरतात. मुळे गोणपाटाच्या विणीत शिरतात म्हणून रोप तग धरते. पत्र्यावर पेरले तर काय उगवणार?

अशी सलग छिद्रे हाताने पाडणे कठीण. ती समुद्रात आयती तयार होती. पोरायटीस जातीच्या पोवळ्याची छिद्रे सुमारे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असतात आणि सगळी एकमेकांना जोडलेली. अडचण द्रव्याची होती. पोवळे चुनखडीचे, तर हाडातला खनिज भाग कॅल्शियम फॉस्फेटचा. १९७४ साली पेनसिल्व्हेनियात डेला रॉय आणि सारी लिनेहॅन यांनी पोवळे फॉस्फेटच्या द्रावणात प्रचंड दाबाखाली तापवले. चुनखडी गेली, फॉस्फेट आले, आणि एकही दालन ढळले नाही. १९९२ साली अमेरिकेत या पदार्थाला रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तरी तो ठिसूळ, आणि शरीरात वर्षानुवर्षे रेंगाळणारा. इमारतीची परांची काम संपताच गवंडी सोडून नेतात. हाडातल्या परांचीने मात्र स्वतःच विरघळायचे असते, भिंत उभी राहण्याआधी नाही आणि फार उशिराही नाही. हा मेळ घालणे सर्वांत अवघड.

कूर्चेची गोष्ट आणखी बिकट. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत गादीत रक्तवाहिन्याच नसतात. एकदा नासली की ती पुन्हा भरत नाही, हे लंडनचे विल्यम हंटर १७४३ सालीच सांगून गेले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातील पाठीवर कान असलेला उंदीर पुष्कळांना आठवत असेल. तो कान ऐकत नव्हता. विरघळणाऱ्या धाग्यांच्या कानाकृती सांगाड्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी वाढवल्या होत्या, इतकेच. आणि २०२२ साली पुन्हा आपले पोवळेच पुढे आले. गुडघ्यातली कूर्चा आणि तिच्याखालचे हाड अशा दोहोंसाठी पोवळ्यापासून केलेल्या सच्छिद्र खुंटीला अमेरिकेत मान्यता मिळाली. २५१ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांअखेर तिचा गुण रूढ शस्त्रक्रियांहून सरस ठरला होता.

म्हणून पाटावर मांडी घालताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी लगेच हुरळून मात्र जाऊ नये. ही खुंटी ठरावीक जागी पडलेल्या खड्ड्यासाठी आहे. सारा सांधाच झिजला असेल तर आजही धातूचा सांधा बसवावा लागतो. तेव्हा वडीलधाऱ्यांना फराळाचे ताट खुर्चीवरच द्यावे, आणि बोटातल्या पोवळ्याकडून गुडघ्याची अपेक्षा धरू नये, हे बरे!