विजेला वाट दाखवणारा रंगारी



आपल्या शेतावरून विजेच्या तारा जातात. त्यांचा खांब कधी निरखून पाहिला आहे का? तार खांबाला थेट बांधलेली नसते. मध्ये बहुधा चिनीमातीची वाटी असते. ही वाटी कशासाठी? याचे उत्तर १७२९ साली इंग्लंडात सापडले आणि ते शोधणारा गृहस्थ होता कापड रंगवणारा एक रंगारी.

स्टीफन ग्रे हे त्याचे नाव. कँटरबरी गावी १६६६ साली तो जन्मला. बापाचा धंदा रंगाऱ्याचा, तोच याच्या वाट्याला आला. पण दिवसा हात रंगात असले, तरी रात्री डोळे आकाशात! भिंगे स्वतः घासावीत, ग्रहणे टिपावीत, असा त्याला नाद. राजज्योतिषी फ्लॅमस्टीड याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. मात्र नादाने पोट भरत नाही. विजेविषयी त्याने १७०८ साली रॉयल सोसायटीला पाठवलेले पत्र त्या वेळी छापले गेले नाही. पुढे १७१९ साली लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रमात त्याला आसरा मिळाला.

तिथेच १७२९ च्या फेब्रुवारीत, वयाची बासष्ट वर्षे उलटल्यावर, त्याने एक काचेची नळी घेतली. धूळ जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बुचे बसवली. काच घासली की ती हलके पीस ओढते, हे तेव्हा ठाऊक होतेच. पण ग्रेला दिसले की पीस बुचाकडेही धावते! बूच तर कुणी घासले नव्हते. म्हणजे काचेतला गुण बुचात उतरला. दुसरा एखादा ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता. ग्रे थांबला. त्याने बुचात काडी खोवली, काडीला हस्तिदंती गोळी लावली. गोळीही पीस ओढू लागली. मग सुतळी बांधून गोळी सज्जातून खाली सोडली, तरी तेच.

आता दोरी आडवी न्यायची होती. ती खिळ्याला अडकवून तुळईवरून नेली, तर काहीच घडेना. वीज तुळईत निघून जात होती. मग केंट परगण्यात आपला मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर याच्या घरी त्याने ही अडचण मांडली. व्हीलरने सुचवले, दोरी रेशमाच्या धाग्यावर टांगू या; ग्रेला वाटले, धागा बारीक, त्यातून वीज कमी गळेल. २ जुलैला ८० फूट दोरीवर प्रयोग साधला. पुढे लांबी वाढवताना रेशमी धागा तुटला, म्हणून त्यांनी पितळी तार लावली. तारही बारीकच होती. पण वीज पोचेना!

इथेच खरे कोडे सुटले. बारीक-जाडाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न पदार्थाच्या जातीचा होता. धातू विजेला वाट देतो, रेशीम ती अडवते. सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद असा एका फसलेल्या प्रयोगातून हाती आला. रेशमाच्या आधारावर त्यांनी सातशे फुटांहून लांब दोरीतून वीज नेली. १७३० मध्ये ग्रेने एका मुलाला रेशमी दोऱ्यांवर आडवे टांगले आणि घासलेली नळी त्याच्या पायांजवळ धरली. पितळेच्या वर्खाचे तुकडे मुलाच्या तोंडाकडे उडू लागले. माणसाच्या देहातूनही वीज जाते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

मग मान मिळाला. रॉयल सोसायटीचे पहिले कोप्ले पदक १७३१ साली त्याला मिळाले, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १७३६ च्या फेब्रुवारीत तो वारला. अंथरुणावरूनही आपले शेवटचे प्रयोग तो सोसायटीच्या चिटणिसाला सांगत होता.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. थंडीतल्या कोरड्या दिवशी प्लॅस्टिकची पट्टी लोकरीवर घासा आणि कागदाचे कपटे मुलांना दाखवा. घरातल्या विजेला मात्र हात लावू देऊ नका. आणि एखादा मुलगा ‘गुरुजी, प्रयोग फसला’ म्हणाला, तर त्याला रागावू नका. ‘का फसला?’ एवढेच विचारा. ग्रेने स्वतःला हेच विचारले होते, आणि म्हणून आज आपल्या खांबावर ती चिनीमातीची वाटी आहे.